विटेच्या भिंतीतला विश्वास

सातारा आणि सांगली या दोन एकेकाळच्या संस्थानी शहरांत बँकांचा इतिहास इमारतींच्या इतिहासाहून फार वेगळा काढता येत नाही. कारण सातारच्या मातीत १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक आणि कृष्णाकाठी सांगलीत १९१६ साली सांगली बँक स्थापन झाली, तेव्हा पैसा सुरक्षित ठेवण्याची जी कल्पना लोकमानसात रूढ होती, ती मूळची वाड्याचीच होती.

वाड्याची रचना मोठी मार्मिक आहे. घडीव दगडाचे जोते, त्यावर विटांची जाड भिंत आणि भार तोलून धरणारे सागवानी खांब व तुळया, अशी ती योजना असल्यामुळे वीट येथे मुख्यतः आच्छादनाचे आणि उष्णता रोखण्याचे काम करते. चुन्याच्या सांध्यांत जुळवून घेत भिंत थोडी हलली तरी लाकडी सांगाडा वाड्याला उभा ठेवतो. भिंतीच्याच जाडीत बळद आणि कोनाडे काढता येतात, म्हणून धान्य, दप्तर, दागदागिने यांना निराळी खोली लागत नसे. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात त्यांचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या टिकले, ते याच भिंतींच्या आश्रयाने.

सिमेंटचा गिलावा मात्र या विटेचा शत्रू आहे, हे दुरुस्तीच्या उत्साहात पुष्कळदा विसरले जाते: चुना श्वास घेतो, सिमेंट ओलावा कोंडते आणि वीट आतून झिजू लागते.