देह निश्चल, कान जागे

मज्जासंस्थेचे काही विकार असे आहेत की त्यांत शरीर एकामागून एक सर्व हालचाली गमावते; विचार, स्मृती आणि श्रवण मात्र बहुधा शाबूत राहतात. ‘एएलएस’ हा त्यांपैकी एक. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी झिजत जातात, हातपाय लुळे पडतात, वाचा जाते आणि अखेरीस श्वासासाठीही यंत्राचा आधार घ्यावा लागतो. डोळे तेवढे बराच काळ साथ देतात. फ्रेंच संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये झटका आला, त्यांचा आजार वेगळा होता. पण त्यांच्याही ताब्यात उरली ती केवळ डावी पापणी. लेखनिका एकेक अक्षर उच्चारी, हवे ते अक्षर येताच ते पापणी मिटत. अशा रीतीने त्यांनी अख्खे पुस्तक सांगून पूर्ण केले!

परंतु पापणीही थांबली तर? मेंदूतील विद्युतलहरी टिपून त्यांवरून संगणक चालविण्याचे प्रयोग अनेक दशके सुरू आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी पडद्यावर अक्षरे चमकवून, हवे ते अक्षर चमकताच मेंदूत उमटणारी लहर ओळखून दाखविली. मात्र ज्याची नजर स्थिर राहत नाही, त्याला पडदा काय उपयोगाचा? म्हणून संशोधक कानाकडे वळले. ठरावीक आवाजांच्या मालिकेत मधूनच वेगळा आवाज आला आणि ऐकणाऱ्याचे लक्ष त्याकडे असले, तर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. तिच्यावरून त्याची निवड कळते. डोक्यावरील टोपीतून मिळणारा हा संकेत कवटीआडून येतो, त्यामुळे तो क्षीण असतो, ही मोठी अडचण.

जर्मनीतील एका तरुण गृहस्थाची हकिगत या बाबतीत बोलकी आहे. २०१५ मध्ये त्याला एएलएस असल्याचे निदान झाले. डोळ्यांनी होकार देता येत होता तोवरच त्याने शस्त्रक्रियेस संमती दिली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच्या मेंदूच्या हालचाल-केंद्रात प्रत्येकी ६४ सूक्ष्म अग्रांच्या दोन चकत्या बसविण्यात आल्या. हात किंवा जीभ हलविण्याची कल्पना करावयास सांगून जवळजवळ तीन महिने प्रयत्न झाले, ते फसले. मग संशोधकांनी त्याला त्याच्याच मेंदूपेशींचा वेग सुराच्या रूपाने ऐकविला: पेशी अधिक वेगाने चालल्या की सूर चढे, मंदावल्या की उतरे. ऐकता ऐकता तो सूर चढवू-उतरवू लागला. चढा सूर म्हणजे ‘होय’, उतरता म्हणजे ‘नाही’. संगणक आधी अक्षरांचे गट उच्चारी, होकार मिळाला की त्या गटातील अक्षरे.

वेग मिनिटाला सुमारे एक अक्षर! १०७ दिवस अक्षरजुळणी झाली. त्यांतील ४४ दिवशीच समजण्याजोगी वाक्ये मिळाली. पण त्या वाक्यांत काय होते? मुलावरचे प्रेम, सूपची फर्माइश आणि आवडते संगीत मोठ्याने लावण्याची विनंती. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याकडे सावधपणे पाहणेही उचित होय. अभ्यास एकाच रुग्णाचा आहे. शिवाय त्यातील काही संशोधकांचा २०१७ चा, निराळ्या तंत्रावरील निबंध संबंधित नियतकालिकाने २०१९ मध्ये मागे घेतला होता.

अशा रुग्णांच्या जगण्याला अर्थ तो काय, असे धडधाकट माणसे सहज बोलून जातात. पुष्कळदा रुग्णाच्या उशाशीच, त्याला ऐकू येत असताना. बेल्जियममधील संशोधकांनी २०११ मध्ये असा देहबंदिवास भोगणाऱ्यांनाच, त्यांच्या खुणांच्या साहाय्याने, विचारले. ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे सांगितले, १८ जणांनी दुःखी. त्या अठरांचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने ऐकावयास हवे, आणि त्यासाठी आधी त्यांना बोलता आले पाहिजे. घरोघर जाऊन आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

मेंदूत चकती बसविणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. पण पापणी वा बोट हलत असेल तोवर बोबी यांची पद्धत घरीच करता येते, आणि मराठीत तर ती अधिकच सोयीची. कारण आपल्या व्यंजनांचे वर्ग आधीच पाडलेले आहेत. ‘क वर्ग, च वर्ग, ट वर्ग’ असे सावकाश म्हणत जावे, खूण झाली की त्या वर्गातील पाच अक्षरे म्हणावीत. काना-मात्रा नंतर विचारता येतात. पुष्कळदा तर शब्द त्याआधीच उमगतो.