२५ डिसेंबर नेमका कोणाचा?

नाताळ म्हणजे रोमन सूर्यदेवाचा ढापलेला सण, हे दर डिसेंबरात फिरणारं विधान पुराव्यापुढे टिकत नाही. इ.स. ३५४च्या रोमन पंचांगात २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्य’ देवाचा (बहुधा सूर्याचाच) जन्मदिवस आणि ३० रथशर्यती नोंदल्या आहेत; पण त्याच ग्रंथात ख्रिस्तजन्मही त्याच तारखेला आहे. आधी कोण, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय २५ मार्चला गर्भधारणा मानून नऊ महिने मोजले, तरी हीच तारीख येते.

बायबलमध्ये ही तारीख नाही, हा प्युरिटनांचा, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांचा, आक्षेप मात्र रास्त. त्यांनी १६५९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्यांना ५ शिलिंग दंड ठेवला. उलट पोप ग्रेगरींनी ६०१मध्येच कळवलं होतं, की इंग्लंडमधली बिगरख्रिस्ती देवळं पाडू नका, मूर्ती हटवून तिथेच प्रार्थना करा. मूळ कुठलंही असो, सणाला अर्थ पाळणारेच देतात.