पाणी तापवायचं कशावर? गॅस परवडतो की वीज?

वाचकहो, घर गरम करायला यंत्र घ्या असं सोलापूर जिल्ह्यात कुणी सांगितलं, तर लोक हसतील. आपल्याकडे उन्हाळ्यात घर थंड कसं ठेवायचं हीच काळजी. पण डिसेंबर-जानेवारीतली पहाट वेगळी असते. अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीसारख्या उघड्या माळावरच्या गावात गार वारं सुटलं की म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि बाळंतीण यांना ऊन पाणी लागतंच. ते तापवायचं कशावर, हा प्रश्न दरसाल पडतो. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका. स्वतः हिशेब करा.

चूल आणि बंब

तुराट्या आणि बाभळीच्या काटक्या घरच्याच असतात, म्हणून बंब फुकट वाटतो. पण सरपण गोळा करायला बाईचा किती वेळ जातो आणि धूर कुणाच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे त्या हिशेबात धरलं जात नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गोरगरिबांच्या घरात सिलिंडर आला. तरी अनेक घरांत स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, असं चालू आहे. बंब ठेवायचाच तर अंगणात ठेवा आणि लाकूड वाळलेलंच जाळा.

बादलीचा हिशेब

२० लिटरची बादली घ्या. पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळते. म्हणजे रॉडनं एक बादली तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं. गॅसच्या शेगडीवर तीच बादली तापवायला साधारण ७० ग्रॅम गॅस जातो, कारण बरीचशी आच भांड्याच्या बाजूनं वाया जाते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अशा सुमारे २०० बादल्या होतात.

आता सोपी युक्ती सांगतो. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १२० नं भागा. सिलिंडर ९०० रुपयांना पडतो असं धरा. उत्तर येतं साडेसात. तुम्हाला विजेचं युनिट साडेसात रुपयांपेक्षा स्वस्त पडत असेल तर वीज घ्या, महाग पडत असेल तर गॅस घ्या. किमती बदलल्या तरी युक्ती तीच.

युनिटचा दर काढताना मात्र नुसता वीज आकार पाहू नका. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्कही धरा. खरी मेख पुढे आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या रॉडनं तापवल्या तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० युनिटं नुसत्या आंघोळीला जातात. दिवे, पंखा, टीव्ही धरून घर शंभरी ओलांडतं आणि वरची युनिटं महागड्या दरानं पडतात. म्हणून ज्यांचं बिल आधीच शंभरीच्या आसपास आहे, त्यांनी गॅसचा विचार करावा. ज्यांचा वापर कमी आहे, त्यांना एक-दोन बादल्यांसाठी रॉड पुरतो. गॅसवर त्याच पाच बादल्यांना महिन्याला साडेदहा किलो गॅस लागेल, म्हणजे पाऊण सिलिंडर. तोही विसरू नका.

पैशापेक्षा जीव मोठा

गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. हवा अपुरी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस कडी काढायच्या आत कोसळतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त नळी आत आणा. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात, तिथंही हाच धोका. शेक द्या, पण खिडकी उघडी ठेवा. सिलिंडरचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका. दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

रॉडचा धोका वेगळा. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. लोखंडी बादली नको. आयएसआय शिक्का पाहूनच रॉड घ्या. घराचं अर्थिंग तपासा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत जा. आकडा टाकून रॉड लावणं म्हणजे गुन्हाही आणि मरणाला आवतणही.

आणि वर सूर्य आहेच

ज्यांच्याकडे पक्कं छत आणि हाताशी थोडे पैसे आहेत, त्यांनी सौर बंबाचा विचार जरूर करावा. चार-पाच माणसांना १०० लिटरचा पुरतो. एकच अडचण, ती म्हणजे बोअरचं जड पाणी. पातेल्याला पांढरा थर बसत असेल तर तोच नळ्यांतही बसणार. आधी पाणी तपासून घ्या आणि साफसफाई कोण करणार हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या बंबाला नाही. दोहोंत गल्लत करू नका.

गावकारभाऱ्यांनाही एक विनंती. थंडी सुरू होण्याआधी वसतिगृहं, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रांतलं अर्थिंग आणि गॅसची नळी एकदा तपासून घ्या. खर्च थोडा आहे, टळणारं संकट मोठं आहे. आणि घरधन्यांनो, सिलिंडर आणायचा की रॉड, हे ठरवताना पहाटे उठून पाणी तापवते तिला आधी विचारा.