वाऱ्याला चकवाल, पण चढाला?

समोरून जोराचा वारा असताना मोकळ्या मैदानात दोन सायकली एकामागे एक चालवून बघा. पुढचा घामाघूम होतो आणि मागचा खुशाल गप्पा मारत येतो! सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या शर्यतपटूची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यातच जाते. म्हणून मोठ्या शर्यतींत सगळे एकमेकांना खेटून, घोळक्याने जातात. आत लपलेल्याला वारा फारसा लागतच नाही.

आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या देशात मात्र ही युक्ती फार वेळ चालत नाही. त्याचं नाव रवांडा. हजार डोंगरांचा देश म्हणून तो ओळखला जातो. तिथे दरवर्षी ‘टूर द्यू रवांडा’ ही सायकल शर्यत होते. साधारण आठवडाभर, रोज नवा टप्पा, रोज नवं गाव. प्रत्येकाची रोजची वेळ मिळवत जायची आणि सगळ्यांत कमी वेळ ज्याची, पिवळी जर्सी त्याची. म्हणजे एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकता येते, आहे की नाही गंमत?

आता चढाकडे बघू. चढावर वेग निम्मा झाला, की हवेचा अडथळा थेट चौथाईवर येतो. मग दुसऱ्याच्या मागे लपून फारसा फायदा काय? आता खरी झुंज असते स्वतःच्या वजनाशी, कारण प्रत्येक मीटर वर जाताना स्वतःला आणि सायकलला उचलावं लागतं. राजधानी किगालीत एक दगडी फरसबंदीचा चढ आहे. त्याला ‘किगालीची भिंत’ म्हणतात. तिथे १०० मीटर पुढे जाताना साधारण ११ मीटर वर चढायचं, तेही खडखडणाऱ्या दगडांवरून! दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. तिकीट नाही, काही नाही. मुलं झाडांवर चढून बघतात.

त्यात किगाली शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचावर. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडंसंच खाली! तिथली हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. अशा विरळ हवेत राहायला लागलं, की मूत्रपिंडं शरीराला निरोप धाडतात : तांबड्या रक्तपेशी वाढवा! म्हणून बाहेरचे काही खेळाडू मुद्दाम उंच जागी राहून सराव करतात. रवांडातल्या मुलांचं तर घरच तिथे.

तिथल्या सायकलींची मला फार अपूर्वाई वाटते. डोंगराळ भागात लोक चक्क लाकडी सायकली वापरायचे. पॅडल नाही, साखळी नाही, चाकंसुद्धा लाकडाची. चढावर ढकलत न्यायची, उतारावर बटाट्यांची पोती लादून सुसाट खाली यायचं. टॉम रिची नावाचे एक प्रसिद्ध अमेरिकन सायकल बनवणारे तिथे गेले आणि २००६ मध्ये त्यांनी एक शर्यत भरवली. तिच्यात या लाकडी सायकलीही धावल्या! कॉफीची फळं तोडल्यावर काही तासांत धुण्याच्या केंद्रात पोचली नाहीत तर कॉफी बिघडते. म्हणून शेतकऱ्यांसाठी लांबलचक कॅरिअरच्या सायकली बनवण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. पुढे जोनाथन बॉयर हे प्रशिक्षक म्हणून आले. १९८१ मध्ये ‘टूर द फ्रान्स’मध्ये उतरलेले ते पहिले अमेरिकन. त्यांनी रवांडाचा संघ घडवला.

‘टूर द्यू रवांडा’ मात्र त्याआधीची, १९८८ सालची. पण १९९४ मध्ये या देशात भीषण हत्याकांड झालं, लाखो माणसं मारली गेली. त्या काळात कित्येक वर्षं शर्यत झालीच नाही. २००९ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली आणि सुरुवातीला मोरोक्को, एरिट्रिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका इथले खेळाडू जिंकत गेले. यजमान मात्र कोरडेच! अखेर २०१४ मध्ये अवघ्या २० वर्षांच्या वालेन्स न्दायिसेंगाने पिवळी जर्सी मिळवली. तिथपासून २०१८ पर्यंत, सलग पाच वर्षं, विजेता रवांडाचाच होता.

आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक रोड सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आफ्रिकेत झाली, ती याच किगालीत. पुरुषांची शर्यत २६७ किलोमीटरहून लांब आणि सगळे चढ मिळून सुमारे साडेपाच हजार मीटर! स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार जिंकला. सुरुवातीला दीडशेहून जास्त जण होते, जगातले एकाहून एक तगडे. शेवटच्या रेषेपर्यंत पोचले फक्त ३०.