बाटलीवर हिरवा ठिपका, तरी मध ‘व्हीगन’ का नाही?

चिखलदऱ्याहून परतणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या अनेक गाड्यांत मधाची एखादी बाटली असते. घरी कुणी नव्यानं ‘व्हीगन’ झालं असेल, तर त्या बाटलीवरून वाद ठरलेला. दूध सोडलं ते आजीला एकवेळ पटतं, पण मध? तो तर शाकाहारी!

कायद्यानं आजीचंच खरं आहे. ‘एफएसएसएआय’च्या नियमांनुसार कीटकसुद्धा मांसाहारात मोडतात, पण दूध आणि मध यांना त्यातून वगळलं आहे. म्हणून बाटलीवर हिरवा ठिपका. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आले. त्यात प्राण्यांपासून मिळणारं काहीच चालत नाही.

आक्षेप नेमका काय?

मध ही माशांची बेगमी आहे, फुलं नसतील त्या दिवसांसाठी साठवलेली. एक कामकरी माशी आयुष्यभरात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध तयार करते. तो आपण न विचारता घेतो, हा व्हीगन आक्षेप.

वऱ्हाडाला मध वर्ज्य असणं नवं नाही. कारंजा आणि शिरपूर ही पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेली, आता वाशिममधली जैन तीर्थं. जैन आचारात मद्य, मांस आणि मधु एकाच ओळीत बसतात. दूध चालतं, मध नाही! कारण मोहोळ पिळताना अंडी-अळ्या चिरडतात. म्हणजे जैनांचा मुख्य आक्षेप हिंसेवर, व्हीगनांचा त्यासोबत घेण्यावरही. हा फरक मेळघाटात महत्त्वाचा ठरतो.

मेळघाटात काय होतं?

तिथला बराचसा मध आग्या माशीचा. ही माशी पेटीत राहत नाही; उंच झाडावर, कड्यावर एकच मोठं पोळं बांधते. जुनी रीत म्हणजे पेटता टेंभा लावायचा, माशा जाळायच्या-पळवायच्या आणि अख्खं पोळं कापून पिळायचं. वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’नं कोरकू मध काढणाऱ्यांना वेगळी पद्धत शिकवली. अंगात संरक्षक पोशाख, आणि पोळ्याचा फक्त मधाचा गड्डा कापायचा. पिल्लांचा भाग तसाच राहतो, माशा तिथंच थांबतात, पुन्हा मध भरतात. काढणाऱ्याचाही फायदाच.

याला ‘अहिंसक मध’ म्हणतात. तो व्हीगन आहे का? नाही. साठा माशांचाच, घेतला आपण. पण पोळं जाळून काढलेला मध आणि हा मध एकाच मापानं मोजणं मला पटत नाही. त्यात कोरकू कुटुंबांची कमाईही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मध गौण वनोपज म्हणून त्यांच्या हक्कात येतो.

आणि मध सोडला म्हणून माशी ताटातून जात नाही. कांद्याच्या बियाण्यासाठी परागीभवन लागतं, आणि ते मुख्यतः माशाच करतात. व्हीगन भाजीतला कांदाही त्यांच्याच भरवशावर.

मध घेणारच असाल, तर विक्रेत्याला विचारा: पिळून काढला की निथळून? पिळलेला बहुधा गढूळ असतो, त्यात अळ्यांचा रस मिसळतो आणि तो लवकर आंबतो.