रँटीचे गोल कुठल्या वहीत?

जबलपुरात विक्रमी गोलांचा विषय निघाला, तर पहिलं नाव हॉकीतलंच यायला हवं. रूपसिंग याच शहरात जन्मले. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंग यांचे होते. थोरले बंधू ध्यानचंद त्या दिवशी ८ वर थांबले. हॉकीची ही आकडेवारी निदान सांगता तरी येते. फुटबॉलचं तसं नाही. भारतातल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणी केले, असं विचारलं की बहुतेकजण डोळे मिटून सुनील छेत्रीचं नाव घेतात. थोडे जाणकार असतील ते बार्थोलोम्यू ओग्बेचे म्हणतात. रँटी मार्टिन्स कुणाच्या तोंडी येत नाही.

हा नायजेरियाचा आघाडीपटू २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबात दाखल झाला, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. पुढची बारा वर्षं तो भारतातच खेळला आणि राष्ट्रीय लीगमध्ये त्याने दोनशेच्या वर गोल केले. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, ओग्बेचेच्या नावावर ६३ गोल आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेले आहेत.

गोंधळाचं मूळ इथेच आहे. भारतात १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. २०१४ मध्ये झगमगाटात आयएसएल आली आणि काही वर्षांत देशातली अव्वल लीग म्हणून तिलाच मान्यता मिळाली. दूरचित्रवाणीवर जे दिसतं तेच लक्षात राहतं. त्यामुळे 'आजवरचा सर्वाधिक गोल करणारा' असं म्हणताना पुष्कळदा फक्त आयएसएलची वही उघडली जाते. तिच्यात २०२४ मध्ये छेत्रीने ओग्बेचेला मागे टाकलं. छेत्रीचे देशासाठीचे ९० हून अधिक गोल ही आणखी तिसरी वही, तिचा लीगशी संबंध नाही.

'परदेशी गोलवीर भारतात आले ते आयएसएलच्या पैशामुळे,' हा समजही याच विसराळूपणातून आलेला. चिमा ओकोरी १९८० च्या दशकात नायजेरियातून विशाखापट्टणमला शिकायला आला आणि तिथून कोलकात्याच्या मैदानांवर पोहोचला. महमेडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल, मोहन बागान या तिन्ही क्लबांतून तो खेळला. पण आफ्रिकी आघाडीपटूंचा खरा जमाना सुरू झाला तो गोव्यात. २००२-०३ पासून २०१२-१३ पर्यंतचे अकरा हंगाम घ्या. सर्वाधिक गोलांचा मान २००२-०३ मध्ये घानाच्या युसुफ याकुबूने मिळवला, तो चर्चिल ब्रदर्सचा. २००४-०५ मध्ये स्पोर्टिंग क्लब द गोवाचा डुडू ओमागबेमी, पुढच्या वर्षी धेंपोचा रँटी. मग ओडाफा ओकोली सलग चार हंगाम, चारही चर्चिलसाठी. त्यानंतर सलग तीन हंगाम पुन्हा रँटी. अकरापैकी दहा हंगाम आफ्रिकी खेळाडूंचे आणि अकरापैकी नऊ गोव्याच्या क्लबांचे! मधलं एकच नाव ब्राझीलचं.

त्या नावापाशी जरा थांबायला हवं. क्रिस्तियानो ज्युनियर २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालसाठी सर्वाधिक गोल करून धेंपोत आला होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपची अंतिम लढत होती, समोर मोहन बागान. त्याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने २-० असा सामना जिंकला, पण त्या चषकाचा जल्लोष करायला कुणाचं मन होणार? त्याच हंगामात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. अठरा वर्षांचा रँटी याच संघात होता. परदेशी खेळाडू म्हणजे दोन महिन्यांचे पाहुणे, पगार घेतला की विमानात, असं म्हणणाऱ्यांनी त्या ड्रेसिंग रूमची कल्पना करून पाहावी.

'परदेशी आघाडीपटू विकत घ्या, गोल आपोआप होतात,' असंही ऐकू येतं. तसं असतं तर सगळ्याच क्लबांनी लीग जिंकली असती. रँटीच्या मागे उभा असलेला संघ आठवा. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, जोडीला ब्राझीलचा बेतो. शेवटचा सोडला तर सगळे गोव्याच्या मातीतले. धेंपोने कुलासोंच्या हाताखाली पाच वेळा देशाची लीग जिंकली, आणि २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत आठ वेळा विजेतेपद गोव्यातच राहिलं. एकदाच ते बाहेर गेलं, तेही मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे, ज्यांच्या आघाडीला तेव्हा याकुबू होता.

दुसरी बाजूही खरी आहे. २०१२ मध्ये रँटी धेंपो सोडून कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला गेला आणि तिथेही सर्वाधिक गोल त्याचेच होते. धेंपो मात्र २०१४-१५ अखेर खालच्या विभागात घसरला. घसरणीची कारणं बरीच होती, पण गोल करणारा माणूस गेला हेही त्यातलं एक.

आता तो विक्रम. २०११-१२ मध्ये रँटीने एका हंगामात ३२ गोल केले. लीगमध्ये १४ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला २६ सामने. सामन्यामागे एकाहून जास्त गोल. आय-लीगच्या इतिहासात एका हंगामात ३२ गोल कुणाला पुन्हा जमलेले नाहीत. यावर ठरलेला आक्षेप असा, की लीगच दुबळी होती. तो अगदीच निराधार नाही. ३० मे २०११ रोजी, आधीच्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत, धेंपोने मुंबईच्या एअर इंडियाला १४-० असं हरवलं होतं आणि त्यातले सहा गोल रँटीचे होते. असा निकाल लागतो तेव्हा कौतुक आवरतं घ्यावं हे बरं. पण दुबळे संघ सगळ्यांच्याच वाट्याला येत होते. त्याच संघांशी इतर आघाडीपटूही खेळत होते, आणि ३२ चा आकडा एकट्याने गाठला.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र अंगबळाचा आहे. 'आफ्रिकी खेळाडू म्हणजे ताकद आणि वेग,' हे वाक्य समालोचनातही सर्रास ऐकू येतं. एवढ्या मोठ्या खंडाची एकच अंगकाठी कशी असेल, हा विचार बाजूला ठेवू. ओग्बेचेचंच उदाहरण घ्या. २ जून २००२ रोजी विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध नायजेरियाच्या संघात तो सुरुवातीपासून उतरला, तेव्हा वय होतं १७ वर्षं आठ महिने. पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये तो तयार झाला. मग फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, नेदरलँड्स अशी भटकंती करून २०१८ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडसाठी भारतात आला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. हैदराबादकडून २०२१-२२ मध्ये त्याने १८ गोल करत आयएसएलचा एका हंगामातला तेव्हाचा विक्रम गाठला, तो वयाच्या ३७ व्या वर्षी. ३७ व्या वर्षी पाय पळवत नाहीत. चेंडू कुठे पडणार आणि बचावपटू कधी मान वळवणार, हे आधी ओळखावं लागतं.

याचा पुरावा जवळून पाहायचा तर १३ मार्च २०२१ ची अंतिम लढत आठवावी लागेल. कोरोनामुळे सगळा हंगाम गोव्यातच बंद दारांआड खेळवला गेला होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान १-१ अशा बरोबरीत होते आणि नव्वदावं मिनिट चालू होतं. मोहन बागानचा गोलरक्षक चेंडू घेऊन पुढे आला आणि क्षणभर रेंगाळला. तेव्हा मुंबईकडून खेळणारा ओग्बेचे त्याच क्षणाच्या वाटेवर होता. त्याने चेंडू हिसकावला. समोर गोल जवळजवळ मोकळा दिसत असताना गोलवीराने काय करावं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याने चेंडू बिपिन सिंगकडे दिला, बिपिनने तो जाळ्यात घातला आणि मुंबई सिटी पहिल्यांदा आयएसएल विजेती झाली. ओग्बेचेच्या गोलांच्या रकान्यात त्या दिवशी शून्य आहे.

परदेशी आघाडीपटूंनी भारतीय मुलांची जागा अडवली, ही तक्रारही जुनीच. तिच्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षं क्लबांनी गोल करायचं काम परदेशी माणसावर सोपवलं आणि भारतीय मुलाला कडेला किंवा बाकावर बसवलं. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवायची मुभा उरली, त्यामागे हीच चिंता होती. पण २००९-१० चा धेंपो संघ पाहिला तर ही तक्रार तेवढी सरळ राहत नाही. त्या वर्षी धेंपो विजेता ठरला आणि त्या जर्सीत रँटीबरोबर सुनील छेत्री खेळत होता. दोन वह्यांचे दोन मानकरी, एकाच संघात. छेत्रीची वाढ त्यामुळे खुंटली असं म्हणायचं धाडस कोण करेल?

२०१५-१६ मध्ये ईस्ट बंगालकडून रँटी पुन्हा सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्यानंतर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, आयएसएलच्या मांडणीत आपल्याला जागा नाही म्हणून. २०२४-२५ च्या हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला. लीग आता दुसऱ्या पायरीवरची होती. संघ नव्या मुलांचा होता आणि त्यांचा प्रशिक्षक होता समीर नाईक, रँटी पुढे गोल करत असताना मागे बचाव सांभाळणारा.