कॅडमियम सेलेनाइड : कणाच्या आकारावर ठरणारा रंग

पांढऱ्या खडूची पूड केली तर तिचा रंग कोणता? अर्थातच पांढरा. पदार्थाचे तुकडे कितीही लहान केले तरी त्याचे गुणधर्म बदलत नाहीत, असे आपण वर्गात सांगतो. कॅडमियम सेलेनाइड हे संयुग मात्र या विधानाची मर्यादा दाखवून देते.

कॅडमियम आणि सेलेनियम ही दोन्ही मूलद्रव्ये १८१७ या एकाच वर्षी सापडली. त्यांचे अणू एकास एक या प्रमाणात जोडले जाऊन हे काळपट लाल संयुग बनते. ते अर्धवाहक आहे. प्रकाश पडला की त्याचा विद्युतरोध घटतो, म्हणून प्रकाश ओळखणाऱ्या उपकरणांत त्याचा उपयोग होतो.

असे का होते? अणूंच्या बंधात अडकलेला इलेक्ट्रॉन मोकळा होण्यास ठरावीक ऊर्जा लागते. येथे ती सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० ला या संख्येने भागले की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते : सुमारे ७१३, म्हणजे दृश्य प्रकाशाचे लाल टोक. त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो आणि पदार्थ काळपट दिसतो.

आता कण दहा नॅनोमीटरपेक्षा लहान करू. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो, इतक्या लहान जागेत तो कोंडला जातो. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की सूर चढतो, तशी कण लहान झाला की लागणारी ऊर्जा वाढते. अतिनील प्रकाशात धरल्यास सुमारे ६ नॅनोमीटरचे कण लाल, ३ च्या आसपासचे हिरवे, तर २ च्या आसपासचे निळसर प्रकाशतात. संयुग तेच, फक्त आकार वेगळा!

अशा कणांना पुंजबिंदू म्हणतात. आकाराचा हा परिणाम १९८०च्या दशकाच्या आरंभी एकिमॉव्ह यांनी काचेत, तर ब्रुस यांनी द्रावणात दाखवला. १९९३ मध्ये बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम सेलेनाइडचे एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूरचित्रवाणीच्या पडद्यांत शुद्ध रंगांसाठी, तसेच प्रयोगशाळेत पेशींचे भाग ओळखण्यासाठी हे कण वापरले गेले.

पण कॅडमियम विषारी आहे. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. हे कारण तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. आज युरोपीय संघात आणि भारतातही विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर, काही अपवाद वगळता, ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. त्यामुळे पडद्यांसाठी इंडियम फॉस्फाइडचे कण पुढे आले आहेत.

तेव्हा हा प्रयोग शाळेत करू नये. गणित मात्र फळ्यावर जरूर करावे. ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाची ऊर्जा किती? सुमारे २.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मूळ १.७४ पेक्षा ०.६० ने जास्त. ही वाढ कोठून आली, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.